मागचं हाउसिंग चुकीचंच होतं, अण्णा

अण्णा, कळंब्याच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. काळा गॉगल, गळ्यात उपरणं, एक पाय जीपच्या बंपरवर, दोन्ही हात कमरेवर. वर मोठ्या अक्षरांत 'ऑफरोडचा वाघ हरपला' आणि खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग. त्यांतल्या एकानंही तुमच्या गाडीचा एक नट कधी आवळलेला नाही. फोटो मी लगेच ओळखला. आपण इंजिन दुसऱ्यांदा बसवलं त्या रविवारचा आहे तो. मीही होतो त्यात, तुमच्या शेजारी. मला कापून टाकलंय. बॉनेटवर टेकलेला, पाना धरलेला माझा एक हात तेवढा राहिलाय, कोपरापर्यंत. म्हणजे नीट बघितलं तर वाघाला तीन हात आहेत. पण नीट बघायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

वाघ म्हणे. कोल्हापुरात हल्ली वाघाच्या खालचं कुणी मरतच नाही. तुम्ही भुसारी दुकानदार होतात. ज्वारी-हरभऱ्याची पोती विकायचात, संध्याकाळी विभूती लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसायचात आणि रविवारी घरच्या अंगणात एका म्हाताऱ्या जीपची वाट लावायचात. मी तुमचा साडू, तुमच्या गिरिजाक्कांच्या धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा नवरा. तुम्ही लावलेली वाट मी निस्तरायचो. लग्नानंतरचे आपले बहुतेक रविवार असेच गेले, आणि याला लोक छंद म्हणत होते.

माझी नोकरी तुम्हाला माहीतच आहे, पण तिचा अर्थ तुम्ही कधी मनावर घेतला नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मी तपासणीला आहे. समोर आलेल्या कास्टिंगला माप लावायचं आणि मापात नसेल तर त्यावर लाल पट्टा ओढायचा. मग तो माल परत भट्टीत जातो. मला कुणी दयाळू म्हणून पगार देत नाही. तुमच्या अंगणात मी लाल रंगाचा डबा घेऊन आलो असतो, तर जीपचा मूळ रंग शोधायला लागला असता.

घेतली तेव्हा गाडी बरी होती, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. बिद्रीकडच्या एका ऊसवाल्याची होती. थकलेली होती, स्प्रिंगचे पाटे खचले होते, इंजिन तेल प्यायचं. पण जिथलं तिथं होतं. तुम्ही पहिल्याच महिन्यात ग्राइंडर लावून तिचं छप्पर कापलंत. का, तर मोकळं वाटतं. आपल्याकडे पाऊस किती पडतो हे धान्याच्या दुकानदाराला सांगावं लागत नाही. पोत्यांवर ताडपत्री घालायची अक्कल तुम्हाला होती. तीच अक्कल दुकानाला कुलूप लावताना तुम्ही आत ठेवून येत होता.

मग दिव्यांची पट्टी आली. ती लावली की समोरचा माणूस डोळे मिटायचा आणि आपली बॅटरी मान टाकायची. मग ते काळं नळकांडं. गाडी पाण्यात गेली तरी इंजिनला वरून हवा मिळावी म्हणून लावतात ते. तुम्ही शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा काळा रंगवून लावलात. बाहेरून झकास. मी बॉनेट उघडलं तर पाइप आत येऊन नुसताच थांबला होता. एअर फिल्टरला जोडलेलाच नव्हता.

"अण्णा, हे काय हाय?"

"जोडूया की पुढच्या रविवारी, पावणं. आधी दिसायला तरी झालं."

तो रविवार यायच्या आधी पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. लोक बघायला जमले होते. लोक जमले की तुमच्या अंगात यायचं. घातलीत गाडी पाण्यात. इंजिन पोटभर पाणी प्यालं आणि जागीच बसलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून ओढून काढली, आणि तुम्ही त्या ओढल्या जाणाऱ्या गाडीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत होता. पुढचे कित्येक रविवार आपण ते इंजिन खोलून वाकलेले रॉड बदलत होतो. मी तुम्हाला वाट्टेल ते बोललो. तुम्ही पाना पुसत हसत होता. तुम्हाला बोललेलं लागत नाही, हे मला फार लागायचं.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. मागच्या हाउसिंगचं सोडणार नाही.

मागच्या दोन चाकांमधला तो जाड लोखंडी आडवा सांगाडा, आणि त्याच्या पोटात इंजिनची ताकद चाकांकडे फिरवणारे दात. आपलं जुनं हाउसिंग घरघर करायला लागलं होतं. मी म्हणालो होतो, मी बघतो, घाई करू नका. तुम्ही भंगारातून एक उचलून टेम्पोत घालून आणलंत.

"घावलं की, पावणं. आतनं नवंकोरं हाय."

"कुठल्या गाडीचं?"

"गाडीचंच हाय. बैलगाडीचं न्हवं."

मी जॅक लावला. चाकावर खडूनं खूण केली, इंजिनकडून येणाऱ्या दांड्यावर खूण केली, आणि फिरवून बघितलं. मग पुढच्या चाकांचं तसंच बघितलं. जुळत नव्हतं. पुढची चाकं जेवढ्यात एक फेरा घेत होती तेवढ्यात मागची तो पुरा करत नव्हती. नुसत्या मागच्या चाकांवर गाडी चालवली तर काही कळलं नसतं. पण फोर बाय फोर टाकला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना एकदम जुंपलं, की दोन्ही जोड्या एकमेकींशी भांडणार. चिखलात चाकं घसरून जातात म्हणून ते भांडण निभतं. कडक रस्त्यावर नाही निभत, मधल्या पेटीतले दात हातात येतात. हे मी तुम्हाला पायरीवर बसवून, दोन बांगड्या घेऊन समजावलं. एक लहान, एक मोठी. गिरिजाक्कांच्या होत्या.

तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. बांगड्या परत दिल्यात. मग म्हणालात, "चालतंय की."

अण्णा, या दोन शब्दांनी कोल्हापूर जिल्ह्याचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्या पुरानं केलेलं नसेल.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही मागं मोठे टायर घालून गाडी दारात उभी केलीत. पुढं लहान, मागं मोठे. गाडी जमीन हुंगत उभी असल्यासारखी दिसत होती. "ट्रॅक्टराला असत्यात न्हवं? मागचं हळू फिरतंय म्हणतासा, मग मागचं चाक मोठं केलं की झालं." मी शिव्या द्यायच्या सोडून टेप शोधायला लागलो. कारण विचार चुकीचा नव्हता. ट्रॅक्टरचं तेच असतं. फक्त ट्रॅक्टरवाले ते मोजून करतात आणि तुम्ही अंदाजपंचे केलं होतं. मी टेप काढून मोजलं. अर्धा फरक भरून निघाला होता, अर्धा तसाच होता. निम्मं बरोबर असलेल्या माणसाशी भांडणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

"फोर बाय फोर टाकून ह्या गाडीत मी बसणार न्हाय," मी म्हणालो.

"बसशीला."

"न्हाय."

"बसशीला, पावणं. च्या घ्या."

बायको म्हणायची, एवढा जीव जातोय तर जाता कशाला? जातो कारण शनिवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा. "उद्या येतासा न्हवं?" गेल्या रविवारी मी तुम्हाला अडाणी म्हणालेलो असायचो, बुद्धी पोत्यात भरून विकली काय म्हणून विचारलेलं असायचं, आणि तरी फोन यायचा. मी गेलो की पाठ असलेला स्टूल मला, तुम्ही पालथ्या डब्यावर. असं मला दुसऱ्या कुठल्याच घरात कुणी बोलावलेलं नाही. मी माणसांतही खोट बघतो, हे मला माहीत आहे. लोक हळूहळू बोलावणं बंद करतात. तुम्ही केलं नाहीत. हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चालतंय की.

आपलं शेवटचं बोलणं काय झालं ते आठवायचा मी फार प्रयत्न केला. मडगार्डच्या बोल्टवरून होतं. वायसर घातला नव्हता तुम्ही. त्यापेक्षा मोठं काहीही आपण बोललो नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. दुपारी, दुकानात, हरभऱ्याच्या पोत्याला पाठ लावून. गिऱ्हाइकाला वाटलं, डोळा लागलाय.

आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. विभूती लावून, बेल वाहून, मांडी घालून बसवतात आणि बसवूनच आपल्या मातीत ठेवतात. तुमची माती मुरगूडच्या माळावरची, वडिलांच्या शेजारची. सकाळी गिरिजाक्का मला म्हणाल्या, "शिवाण्णा, त्यांची गाडी मागनं येऊ दे." दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नव्हती. तुम्ही क्लचचा, गिअरचा असा काही खेळ करून ठेवलाय की ती गाडी जगात दोनच माणसांना चालवता यायची. शववाहिका पुढं आणि मी मागं, एकटा, बिनछपराच्या गाडीत, कोल्हापुरापासून मुरगूडपर्यंत पाऊस अंगावर घेत. सगळ्या वाटेवर मी तुमच्या ग्राइंडरची आठवण काढत होतो.

डांबर सुटून तुमच्या रानाकडे चढणारी पाणंद जिथं सुरू होते तिथं शववाहिका थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, चिखलात पाय घालून बघितला आणि म्हणाला, "न्हाय जायची, पावणं. वर वळणावर पाणी वाहतंय. अडाकली तर काढायची कशी?" चार जणांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन बघितलं. बसवलेला माणूस, लाकडी चौकट, निसरडी काळी माती. दहा पावलांत पुढचे दोघे गुडघ्यावर आले. तुम्ही कलंडता कलंडता राहिलात. बायका ओरडल्या.

अक्का माझ्याकडे आल्या. पदर डोक्यावर चिकटलेला. म्हणाल्या, "साकु आता, पुरं झालं. गाडीत घ्या त्यांना."

छप्पर नव्हतं म्हणून तुम्ही बसलात. छप्पर असतं तर ती चौकट आत गेली नसती. हे मी इथं लिहितोय, पण ग्राइंडरबद्दलचं माझं मत तेच आहे. मागच्या पाइपच्या कठड्याला चौकट दोरानं बांधली, दोन्ही बाजूंनी दोघं धरून बसले, आणि जंगमस्वामींनी तुमच्या डोक्यावर छत्री धरली. तुम्हाला छत्री आणि मला पाऊस. आरशात बघितलं तर कपाळावर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले, आणि तुम्ही चक्क गप्प. मी गाडी चालवताना तुम्ही मागं बसून गप्प राहिलात ते आयुष्यात त्या एकदाच. एरवी "सोडा क्लच, सोडा, आता दाबा" म्हणून कान किटवायचात. मी थोडा वेळ वाट बघितली. मग फोर बाय फोरचा लिव्हर ओढला.

ओढताना मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, आता कळेल. गाडी वळणावर अडकेल, तुम्हाला पुन्हा उतरवून चिखलातून न्यावं लागेल, आणि सगळ्या भावकीला दिसेल की मी इतकी वर्षं काय बोंबलत होतो. माझं म्हणणं सिद्ध व्हायला एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती.

गाडी चढायला लागली. वळणावर पाणी खरंच वाहत होतं. मागचं चाक घसरलं, मागची बाजू बांधाकडे सरकली, तुमची चौकट कठड्यावर आपटली आणि कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. त्या क्षणी मी स्टिअरिंगला कवटाळून मनातल्या मनात त्या भंगारातल्या, चुकीच्या, मापात नसलेल्या हाउसिंगच्या हातापाया पडत होतो. चढ बाबा. मी खोटा पडू दे, पण हा माणूस चिखलात पडू देऊ नको. मी माझ्या नोकरीत लाल पट्ट्याच्या मालाकडे असं कधी काही मागितलेलं नाही. पुढच्या चाकांनी माती धरली, मागची फिरत, घसरत, भांडत राहिली, आणि आपण वर आलो.

तुम्हाला ठेवल्यावर भाषणं झाली. फ्लेक्सवर ज्यांचं नाव सगळ्यात वर आहे ते गृहस्थ पांढऱ्या बुटांत आले होते. आम्ही वर गेल्यावर मागाहून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आले असावेत, कारण बूट पांढरेच होते. ते म्हणाले, अण्णा म्हणजे साक्षात विश्वकर्मा, स्वतःच्या हातानं घडवलेल्या रथातून कैलासाला गेले. दुसरे म्हणाले, अण्णांच्या ज्ञानाला तोड नव्हती. तिसरे म्हणाले, अण्णांची उणीव भरून निघणार नाही, आणि मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. तुम्ही विश्वकर्मा. वायसर न घालणारा विश्वकर्मा. मी खालच्या मातीकडे बघत उभा होतो. मग पांढरे बूट म्हणाले, "साडूंनीबी दोन शब्द बोलावं."

सुवर्णानं माझा शर्ट मागून ओढला. तिला माझा भरवसा नाही.

मी म्हणालो, "अण्णांनी गाडीला घातलेलं मागचं हाउसिंग चुकीचं हाय. पुढच्याशी जुळत न्हाय. मी सांगितलं हुतं, त्यांनी ऐकलं न्हाय. नळकांडं अजूनबी जोडलेलं न्हाय. आज गाडी चढली ती चिखल हुता म्हणून चढली." 

 पांढऱ्या बुटांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिथं थुंकलोय. सुवर्णा रडायला लागली, पण ती माझ्यामुळे. आणि गिरिजाक्का हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. बाया घाबरल्या, त्यांना वाटलं धक्का बसला. हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सकाळपासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "सकाळधरनं ही सगळी कुणाबद्दल बोलत हुती कुणास ठाऊक. मला वळखूच येईनात. शिवाण्णा बोलले तवा आमचे हे आठवले."

खाली उतरून डांबर लागताच मी फोर बाय फोर काढला. अक्का शेजारी बसल्या होत्या. मागं रिकामी चौकट हलत होती. 

आता फ्लेक्सवाल्यांची टूम निघाली आहे की गाडी आहे तशी जपावी, अण्णांची आठवण म्हणून. वर ताडपत्री घालावी, दसऱ्याला हार घालावा. ज्यांनी तुम्हाला रविवारी एकदा पाना उचलून दिला नाही त्यांना आता आठवण जपायची आहे. मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते करा. नुस्ती झाकून ठिऊ नका, तेवढं बगा."

काल कामावरून येताना मी भंगारवाल्याकडे गेलो. सगळी रांग उपसली. पुढच्याशी जुळणारं हाउसिंग मिळालं, अण्णा. खडू मारून, फिरवून बघितलं, दोनदा. मापात आहे. तुमच्या घरी आणून ठेवलंय, पायरीला टेकवून. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढं चाललंय तर कशाला काढतासा. आणि मला या वेळी तुमचं बरोबर वाटलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. पण चूक ती चूक. ती मी तुमच्यावर माया आहे म्हणून गाडीत ठेवणार नाही, आणि माया होती हे सांगायला मला चुकीचा लोखंडी तुकडा लागत नाही. होती. फार होती.

तुमच्या दिवसांची शिवगणाराधना झाली की येणाऱ्या रविवारी मी मागचं हाउसिंग उतरवणार. मोठे टायर पण काढणार. शनिवारी फोन यायचा नाही हे मला कळतं, तरी येणार. तुम्हाला अडवायचं असेल तर अडवायला या. जॅक लावल्यावर मी पहिला नट लगेच सोडणार नाही, थोडा वेळ थांबेन.